टेली-मानस १४४१६ : लायब्ररीत काम करून थकलेल्या माणसाने हा नंबर लावावा का? माझा अनुभव

टेली-मानस म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी पहिले निकाल सांगून टाकते. पाचपैकी चार स्टार. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात आणि समोरचा माणूस घाई करत नाही. एक स्टार कमी दिला तो कोणाच्या चुकीचा नाही, फोनवरून जे होऊच शकत नाही त्याचा आहे, आणि आपल्या लायब्ररीवाल्यांसाठी नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून त्याच्यावर खाली जास्त लिहिलं आहे.

मी कापसाच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या खेड्यात सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. क वर्ग (सरकारी अनुदानासाठी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, ड सगळ्यात खालचा). म्हणजे मी आणि आमचे शिपाई काका, बस, बंदा कारभार दोघांच्या अंगावर. देवघेव, दाखल नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, पेपरवाल्याचं बिल, कार्यकारी मंडळाच्या सभेचं इतिवृत्त, ऑडिट, वार्षिक अहवाल, तपासणीच्या दिवशी निरीक्षक साहेबांपुढे मांडायच्या फाइली, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि त्याचे फोटो, पावसाळ्यात गळणारं छत, भिंतीतून कपाटात शिरणारी उधई. वरून अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, सगळी पोट्टे-पोट्टी आमच्याकडेच बसतात कारण घरी दोन खोल्यांत सहा माणसं आणि टीव्ही चालू, आणि त्यांनी बसावं असं मला मनापासून वाटते, हे आधीच सांगते नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल मॅडमला पोरांचा त्रास होते.

हा रिव्ह्यू लिहायचं कारण एवढंच की या नंबरबद्दल जे काही वाचायला मिळते ते परीक्षेचा ताण, शेतीचं कर्ज, दारू, नवरा-बायकोचं भांडण यांच्याबद्दल असते. ते असलंच पाहिजे. पण आपल्या लोकांना वाटतच नाही की हे आपल्यासाठीही आहे. "तुमचं काय बाप्पा, पंख्याखाली बसायचं अन् पेपर वाचायचा" हे ऐकत ऐकत आपल्यालाही पटून जाते की थकायला आपण असं केलंच काय. आमच्या तालुक्यातल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्याच्यावर सगळे सुप्रभात आणि शासन निर्णय टाकतात, पण एकट्या एकट्याशी बोललं की कळते किती जण रडकुंडीला आले आहेत.

पहिले ओळखायचं कसं ते सांगते, कारण मला स्वतःला ओळखायला भरपूर वेळ लागला. मला वाटायचं उन्हाळा आहे, ४५ डिग्रीत कोण नाही थकत, पाऊस पडला की होईल ठीक. पाऊस पडून गेला, सोयाबीन निघालं, कपाशीचा पहिला वेचा झाला, थकवा तिथल्या तिथेच. झोपून उठलं तरी अंग जड. आणि फक्त थकवा असता तर ठीक, पण माझ्या आतलं काहीतरी बदलून राहिलं होतं. एक गोष्ट सांगते. आमच्याकडे पुस्तकांचं पार्सल आलं की मी त्याच संध्याकाळी सुतळी कापायची, एकेक पुस्तक बाहेर काढून पहिलं पान पाहायची, कोणतं कोणाला द्यायचं हे तिथेच डोक्यात ठरून जायचं, हे गुरुजींना, हे अंगणवाडीच्या बाईंना, हे त्या भरतीवाल्या पोराला. यावेळी पार्सल आलं ते कपाटाच्या बाजूला तसंच पडून राहिलं. सुतळी तशीच, वर लेबल तसंच, त्याच्यावर धूळ बसली, मग कोणीतरी त्याच्यावर जुन्या पेपरचा गठ्ठा ठेवला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं असतं तरी चाललं असतं. काहीच वाटलं नाही, त्याची भीती वाटली.

दुसरं म्हणजे माणसांबद्दल मनात जे यायला लागलं ते. एखादा म्हातारा वाचक दारात दिसला की आधी मी खुर्ची सरकवायची. आता मनात यायचं, आला हा, आता अर्धा तास खाईल. तोंडाने बोलत नव्हती पण मनात रोज. आणि तिसरं, सारखं वाटायचं की मी करून तरी काय राहिली, या गावात वाचते कोण, सगळे मोबाईलात, उद्या हे वाचनालय बंद झालं तर कोणाला कळणारही नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे तिन्ही सोबतच येते. क्रिस्टिना मास्लाक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये यासाठी एक प्रश्नावली तयार केली ती आजही जगभर वापरतात, आणि त्यात हेच तीन धागे आहेत: आतून रिकामं होणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दल मन कोरडं पडणं, आणि आपल्या कामाला काही किंमत नाही असं वाटणं. मी वाचता वाचता मान डोलवत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या याच थकव्याला, आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण सारखा चालू राहतो आणि तो नीट सांभाळला जात नाही, तेव्हा हे होते, असं त्यांचं म्हणणं. मला हे वाचून खूप मोकळं वाटलं. म्हणजे माझ्यात बिघाड आहे असं नाही, माझ्या कामाच्या मांडणीत बिघाड आहे.

आता मूळ सेवेकडे येते.

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था याच्या मागे आहे. वीस भाषांत बोलता येते. पहिले प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक फोन घेतात आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञ डॉक्टरांकडे किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जोडून देतात. २०२४ पासून मोबाईल अॅप पण आहे, पण मी फोनच वापरला.

वाचनालयाच्या आत रेंज येत नाही, मागे पाण्याच्या टाकीजवळ कडुनिंब आहे तिथे धड बोलता येते, म्हणून दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिथे जाऊन नंबर लावला. भाषा विचारतात, मराठी निवडली, थोडी वाट पाहिली आणि एक ताई बोलल्या. आवाज शांत, कोणता कागद वाचून बोलून राहिल्या असं वाटलं नाही. गावाचं नाव न सांगता बोलता आलं आणि ही गोष्ट खेड्यातल्या माणसासाठी किती मोठी आहे हे शहरातल्यांना समजणार नाही. आमच्या इथे कोणाच्या घरी डॉक्टरची गाडी थांबली तर संध्याकाळपर्यंत बंद्या गावाला कारण माहीत असते. मानसिक म्हटलं की "डोक्यावर परिणाम झाला" एवढंच लोकांना समजते, पुढे पोरीच्या लग्नापर्यंत ते चिकटते.

पहिले झोप, जेवण, कधीपासून, घरी कोण कोण, आधी कधी असं झालं होतं का, हे सगळं विचारलं. मग सरळ विचारलं की ताई, स्वतःच्या जिवाचं काही करून घ्यावं असा विचार येतो का. मी दचकली. नाही येत म्हटलं, आणि खरंच येत नव्हता. त्या म्हणाल्या आम्ही सगळ्यांनाच विचारतो, विचारल्याने कोणाच्या डोक्यात असा विचार शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला बोलायला वाट मिळते. आपल्या भागात किती घरं यातून गेली आहेत ते मी काय सांगू. असा प्रश्न इतक्या साध्या आवाजात विचारता येतो हेच मला माहीत नव्हतं, आणि तेव्हापासून मी दोन माणसांना तो विचारला आहे.

मग म्हणाल्या, उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस सांगा. मी सांगत गेली. पहाटे पाचला पोरांचा फोन, ताई चावी. हिवाळ्यात शालीत गुंडाळून दारातच चावी द्यायची. साडेसातला घरचं काम, पाणी, डबे. वाचनालय उघडलं की पेपर लावणे, तोवर कोणी सातबाऱ्याची झेरॉक्स कुठे मिळते विचारते, कोणी ऑनलाइन फॉर्म भरून मागते, कोणाला आधारचा ओटीपी येत नाही, कोणाला पीक विम्याचा मेसेज वाचून पाहिजे. ही कामं कोणत्याही नियमात ग्रंथपालाची नाहीत, पण गावात लिहिता-वाचता येणारं आणि दार उघडं असलेलं ठिकाण कोणतं, तर आमचं. नाही कसं म्हणायचं. रात्री दहाला परत फोन, ताई लाइट गेली, ताई कूलरमध्ये पाणी नाही, ताई तो मोठ्याने बोलून राहिला. रविवारी घरी पाहुणे असले तरी चाव्या माझ्या कमरेला.

त्यांनी मध्ये तोडलं नाही. सगळं झाल्यावर दोन प्रश्न विचारले, आणि माझे चार स्टार त्या दोन प्रश्नांसाठीच आहेत. पहिला, यातलं कोणतं काम उद्या कोणी तुमच्याकडून काढून घेतलं तर तुम्हाला वाईट वाटेल? मी लगेच म्हटलं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की लहान पोरं गोष्टीची पुस्तकं बदलायला येतात ते. दुसरा, कोणतं गेलं तर बरं वाटेल? मी म्हटलं, चाव्या. म्हटलं आणि रडायलाच लागली, टाकीजवळ उभी राहून, पदराने तोंड दाबून, कारण मला वाटत होतं की मला पुस्तकांचा कंटाळा आला, माणसांचा कंटाळा आला, पोरांचा कंटाळा आला, आणि निघाल्या काय तर चाव्या.

त्या म्हणाल्या तुम्ही सांगता त्यावरून कामाचा थकवा दिसतो, पण मी फोनवर ठरवणार नाही, दोन गोष्टी तपासून घ्या. एक म्हणजे डिप्रेशन नाही ना, कारण दोन्ही वरून सारखंच दिसते, पण डिप्रेशनमध्ये कामच नाही तर सण, नातेवाईक, आवडीचं जेवण, कशातच मन लागत नाही आणि ते सुट्टीतही सोबत येते. दुसरं, साधं रक्त तपासा. हा सल्ला इथल्या बायांनी तर लक्षात ठेवाच. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. थायरॉईड ठीक. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, अंगातला जडपणा काही आठवड्यांत बराच कमी झाला. मनातला नाही झाला. पण दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळून बसल्या होत्या, त्या सुट्या झाल्या.

मानसोपचाराच्या ओपीडीतही जाऊन आली, दवाखान्याचं नाव घेत नाही. ओपीडी ठरलेल्या दिवशीच, लाइन लांब, आणि डॉक्टर साहेबांजवळ एका पेशंटला जेमतेम काही मिनिटं. पण त्यांनी डिप्रेशन नाही म्हणून स्पष्ट सांगितलं आणि झोपेची गोळी मागितली तरी दिली नाही, आधी रात्री फोन बंद ठेवून पाहा म्हणाले. फोनवर जेवढं ऐकून घेतलं तेवढं तिथे कोणी घेतलं नाही, आणि फोनवर जी तपासणी होऊ शकत नव्हती ती तिथे झाली, म्हणून दोन्ही करा, एकावर थांबू नका.

तुलना म्हणून अजून एक सांगते. मागे एका शिबिराला गेली होती, ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचं. दिवसभर टाळ्या वाजवल्या, हसायचे व्यायाम केले, डोळे मिटून श्वास घेतला, सकारात्मक राहा, तक्रार करू नका, काम म्हणजे पूजा समजा. जेवण चांगलं होतं. श्वासाच्या व्यायामाला मी नावं ठेवत नाही, रात्री झोप यायला तो मला आजही उपयोगी पडते. पण सहा तासांत एकदाही कोणी विचारलं नाही की तुम्हाला पगार किती, सुट्टी कधी, तुमच्या वाचनालयात माणसं किती. हे न विचारता तणाव कसा जाणार? त्या शिबिराला मी पाचपैकी दीड देईन आणि तो दीड पण जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या ग्रंथपालांशी जे बोलणं झालं त्याचा.

त्या बोलण्यात काय काय निघालं. एक ताई ड वर्गात एकट्याच आहेत. २०२२-२३ मध्ये सरकारी अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३०,००० चे ४८,००० झाले. वर्षाचे, महिन्याचे नाही. म्हणजे महिन्याला ४,००० आणि त्यातच पुस्तकं, पेपर, लाइट बिल आणि ग्रंथपालाचं मानधन. वाढीच्या आधी तर अडीच हजार होते. आणि हे दोन हप्त्यांत येते, हप्ता कधी पडेल ते आपल्या हातात नसते, तोवर किराणा दुकानात खातं. सरकारने २०१२ मध्ये वाचनालयांची पडताळणी केली, त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गवाढ थांबली, त्यामुळे कितीही चांगलं काम करा, वर्षानुवर्षं ड चं क होत नव्हतं. एका शाळेतले अर्धवेळ ग्रंथपाल होते, अर्धा पगार आणि काम पूर्ण, वरून शिक्षक रजेवर गेला की वर्गावर यांनाच पाठवतात. कॉलेजातली एक पोरगी होती, कंत्राटी, नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) कमिटी येणार म्हणून हजारो पुस्तकांची संगणकात नोंद एकटीच करून राहिली होती, दरवर्षी ऑर्डर नवीन होते की नाही याची धाकधूक वेगळी. तिघांचं दुखणं तीन प्रकारचं आणि तिघांनाही शिबिरात सांगितलं काय, तर श्वास घ्या.

म्हणून तो कापलेला एक स्टार. फोनवरच्या ताई कितीही चांगल्या असल्या तरी त्या आमच्या अध्यक्षांना सांगू शकत नाहीत की मॅडमला सुट्टी द्या, अनुदानाचा हप्ता लवकर पाडू शकत नाहीत, पहाटेची चावी घ्यायला येऊ शकत नाहीत. सिमेंटची पोती डोक्यावर ठेवून माणसाला मानेचा व्यायाम शिकवण्यात अर्थ नाही, पोती उतरवायला दुसरा माणूसच लागतो. त्यांनी हे स्वतःच सांगितलं, हेही खरं. म्हणाल्या, तुमच्या बाबतीत अर्धं काम तुमच्या संस्थेत होणार आहे, तिथे कोणाशी बोलता येईल ते शोधा.

मग मी संस्थेत बोलली. हा भाग सगळ्यात कठीण गेला. आमचं कार्यकारी मंडळ वाईट नाही, त्यांनी स्वतःच्या खिशातून छत दुरुस्त केलं आहे. पण सचिव भाऊ पहिल्याच वाक्यात म्हणाले, "मॅडम, ही तर सेवा आहे, तुम्हीच असं म्हणसान तर कसं होईन." हे वाक्य प्रत्येक ग्रंथपालाने ऐकलेलं आहे. अमेरिकेतल्या एक ग्रंथपाल बाई आहेत, फोबाझी एटार, त्यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच मांडलं की ग्रंथालयाचं काम इतकं पवित्र मानलं जाते की तिथे पगार, सुट्टी, कामाचे तास याबद्दल बोललं की माणूस स्वार्थी ठरते, आणि ग्रंथालयात काम करणारे याच्यामुळेच लवकर जळून जातात. हजारो मैल दूरचं काम, तिथल्या लायब्ऱ्या एसीच्या, आणि वाक्य तेच. बर्नआउटवर पहिलं लिखाण १९७४ मध्ये ज्यांनी केलं त्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनीही ते न्यूयॉर्कमधल्या एका फुकट दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या स्वयंसेवकांमध्येच पाहिलं होतं. जे सेवा समजून करतात तेच आधी संपतात. मी सचिव भाऊंना एवढंच म्हटलं की भाऊ, सेवा आहे म्हणूनच ती चालू राहिली पाहिजे ना, मी उद्या सोडून गेली तर या पैशात दुसरं कोण येईन?

मास्लाक बाईंनी आणि मायकल लायटर यांनी कामाच्या सहा जागा सांगितल्या आहेत जिथे माणसाचं आणि कामाचं जुळत नाही: काम किती, ठरवणं आपल्या हातात किती, मोबदला, सोबतची माणसं, न्याय, आणि आपल्याला जे महत्त्वाचं वाटते ते करायला मिळते का. मी वहीचं एक पान घेतलं, या सहा गोष्टी लिहिल्या, प्रत्येकीसमोर आमच्या वाचनालयातलं काय ते लिहिलं आणि ते सभेत वाचून दाखवलं. रडगाणं वाटलं नाही, कारण ज्याचा पैसा लागत नाही ते वर ठेवलं आणि ज्याला लागते ते खाली.

चाव्यांपासून सुरुवात केली. तीन जोड झाले, एक माझ्याकडे, एक काकांकडे, एक अभ्यासिकेच्या पोरांकडे. सभासद म्हणाले पोट्टे काही गायब करतीन. मी म्हटलं पुस्तकांच्या खोलीला वेगळं कुलूप लावू, अभ्यासिकेत आहे काय, टेबल, खुर्च्या आणि कूलर. पोरांनी स्वतःच पाळ्या लावल्या, पहाटे कोण उघडेल, रात्री कोण बंद करेल, कूलरचं पाणी कोण भरेल, भिंतीवर कागद चिकटवला आणि खाली सह्या. मला खरं सांगायचं तर त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं चालवलं, आणि आधी कोणी विचारलंच नव्हतं म्हणून ते करत नव्हते. आठवड्याची सुट्टी कागदावर होतीच, आता दारावर रंगवली आहे. रात्री आठनंतर वाचनालयाचा फोन बंद असते आणि तो नंबर आता वेगळा आहे, माझा नाही. फॉर्म भरायच्या कामाला आठवड्यातल्या दोन दुपारी ठरवल्या, बाकी दिवशी सेतू केंद्रात पाठवते. पहिले लोक नाराज झाले. एक काकाजी म्हणाले, "ताई, तू बी सरकारी झाली काय?" मला लागलं ते. पण दोन आठवड्यांनी तेच काकाजी बरोबर ठरलेल्या दुपारी आले, कागदपत्रं पिशवीत नीट लावून.

दाखल नोंदी थकल्या होत्या त्याला गावातलीच एक पोरगी मिळाली, ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेचा कोर्स करून राहिली होती, तिला हात बसवायला काम पाहिजे होतं. तिला येण्या-जाण्याचे पैसे मिळावेत हे मी सभेत लिहून घेतलं, कारण फुकट राबवून घ्यायची सवय आपण पुढच्या पिढीला लावायची नाही. ते पार्सल आम्ही दोघींनी उघडलं.

मोबदल्याचं काही झालं नाही. होणारही नव्हतं, ते गावच्या सभेत सुटत नाही, त्याच्यासाठी ग्रंथालय संघ आणि मुंबईतले निर्णय लागतात, आणि ती मागणी आपण सगळ्यांनी मिळून करत राहिलंच पाहिजे, राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत आणि त्यातली बहुतेक अशीच एका-दोघांच्या जिवावर चालली आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आहे, म्हणजे सरकारने जबाबदारी घेतलेली आहे, आपण उपकार मागून राहिलो नाही.

माझा थकवा पूर्ण गेला का? नाही. ऑडिटच्या महिन्यात परत पोटात गोळा येते. पण आता तो ओळखता येते, आणि सचिव भाऊंना आधीच सांगून ठेवते की या महिन्यात कार्यक्रम नको. म्हाताऱ्या वाचकाला पाहून परत खुर्ची सरकवावीशी वाटते, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे.

ज्यांना फोन करायचा आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. नंबर १४४१६, नाहीतर १८००-८९-१४४१६, दोन्ही फुकट. रेंज असलेली आणि एकांताची जागा आधी शोधून ठेवा, घरात सासू-सासरे ऐकत असले तर बोलणं होत नाही. चार ओळी लिहून घेऊन बसा, कधीपासून, झोप कशी, कामात काय काय, कारण समोरून विचारलं की सुचत नाही. मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्याच चार ओळी परत उपयोगी पडल्या. काम सोडून बाकी कशातही मन लागत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा जिवाचं काही करून घ्यावं असं एकदाही मनात आलं असेल तर सभा, चाव्या, पाळ्या हे सगळं नंतर, पहिले फोन आणि मग दवाखाना, आणि घरचं एक माणूस सोबत. सहकारी असं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच्या फोनवरून तुम्हीच नंबर लावून द्या, चालते.

आमच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकल्यावर ड वर्गातल्या त्या ताईंनी फोन केला. त्यांच्याकडे चाव्या वाटायला दुसरं माणूसच नाही, म्हणून शेजारच्या दोन गावांच्या वाचनालयांनी मिळून आळीपाळीने एकमेकींना सुट्टी द्यावी असं आम्ही लिहून दिलं आहे, एकीने आठवड्यातून एक दिवस दुसरीकडे बसायचं, एसटीचं भाडं संस्थेने द्यायचं. दोन्ही मंडळांच्या सभा पोळ्यानंतर आहेत. एका अध्यक्षांनी हो म्हटलं आहे, दुसरे अजून विचार करून राहिले आहेत.